दगडाच्या धगीवरची खीर

सोमवार, ४ ऑगस्ट
स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टी: चुलीची खोपी, खांब निरफणसाचे. झावळीच्या देठाचा चिमटा. एकसंध लाकडाची परात. आणि तापवण्याच्या शब्दांची लिस्ट. कुणी शिकवलं नाही. पान धगीवर धरतात त्याचा शब्द वेगळा, तेल तळहातात चोळून ऊन करतात त्याचा वेगळा. हल्लीची पोरं सगळ्याला एकच शब्द वापरतात, 'गरम', नूडल्सच्या पाकिटावरचा.

आई अंथरुणावर. घशाखाली काही उतरत नाही. फक्त वैसालो मागते, कोवळ्या खोबऱ्याची खीर, कढत. शेजारचा पेसामिनो म्हणाला, मास्तर, भांडं द्या, गॅसवर दहा मिनिटांत देतो गरम करून, सिलिंडरचे दोन ताला द्या. मी म्हटलं, गॅसवर होतं ते उकळणं. वैसालोत तापलेला दगड सोडतात, त्याला आपल्या बेटावर वेगळा शब्द आहे. तो हसला. म्हातारीच्या घशाला काय कळतंय म्हणे. मी म्हटलं, घशालाच कळतं. नकार दिला. उद्या खीर.

मंगळवार
जुने दगड भुसभुशीत झालेत. ओढ्यातून नवे निवडून आणले, जड, गुळगुळीत. बायको फोलोले म्हणाली, अहो, ओढ्याचा दगड पाणी पितो, फुटतो, शेंबडं पोर सांगेल. लोक वर लाव्ह्याच्या माळावरून आणतात. मी म्हटलं, लोक आळशी आहेत. तिला वजनाचं शास्त्र समजावलं. ती मधेच उठून गेली.

बुधवार
दगड फुटले. परात चिरली. एक कपची फोलोलेच्या नडगीत. लाकडं ओली होती, दुसरं काही नाही.

आई म्हणाली, ऊन काहीतरी दे रे. मी सांगितलं, आई, तो शब्द अंघोळीच्या पाण्याला. तिनं डोळे मिटले. पटलं असावं.

गुरुवार
दिवसभर नवी परात कोरली. जुनीपेक्षा सुबक. आईचे पाय गार पडलेत. फोलोले पानं धगीवर धरून तिच्या तळव्यांना लावत होती. शब्द बरोबर वापरला, न सांगता. मग माझ्यावर ओरडली, जा पेसामिनोकडे, शब्दांवर काय खीर शिजते का? वाक्य चांगलं आहे. लिस्टमध्ये बसत नाही.

शुक्रवार
माळावरचे दगड आणले. (फोलोलेनं टोपली धरली. मी सांगितलं नव्हतं.) जाळ फर्स्ट क्लास. संध्याकाळी दगड पांढरे पडले, म्हणजे तय्यार. चिमटा उचलला आणि प्रार्थनेचा शंख झाला. शंखानंतर कुणी घराबाहेर दिसता कामा नये, चुलीपाशीसुद्धा नाही. चुलीचं कलम गावसभेत मीच घालून घेतलंय. फोलोले हात जोडून म्हणाली, दोन दगड टाका हो, देव थांबेल. मी म्हटलं, देव थांबेल, नियम थांबत नाही. आईसाठी म्हणून एक स्तोत्र जास्तीचं म्हटलं. लांबलं थोडं.

बाहेर आलो तर दगड राखाडी. खिरीत सोडले. चर्र झालं नाही. तरी चमचाभर आईच्या तोंडात घातली. तिनं बराच वेळ तोंडात धरली. छान कढत आहे रे बाळा, म्हणाली. मग ओठाच्या कोपऱ्यातून सगळी बाहेर आली.

म्हणजे जमलं. उद्या पुन्हा, दगड वाढवून.

शनिवार
पहाटे आई गेली. फोलोलेनं तळव्यांची पानं काढली नव्हती. मी हात लावून पाहिला. लिस्टमधला एकही शब्द लागू पडेना.

रविवार
पुरलं. पेसामिनोनं सगळ्यांसाठी मोठं पातेलंभर वैसालो आणलं. गॅसवरचं. वाफा येत होत्या. मला म्हणाला, घ्या दादा, रिकाम्या पोटी बसू नका. मास्तर म्हणाला नाही. मी दोन वाट्या प्यालो. घशाला फरक कळला नाही.

लिहून ठेवतो. सोमवारी तो म्हणाला होता, भांडं द्या, दहा मिनिटांत गरम करून देतो. मी नको म्हटलं. दोन ताला.