वारज्यातल्या खांबाचे आभार

शनिवार, जेवणाआधी

डोकं अजून शांत नाही. आज आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेत अध्यक्षांचं व्याख्यान झालं. विषय काय, तर भूकंप आणि आपली जबाबदारी. जबाबदारी! वारज्यातल्या एका सोसायटीत पार्किंगचा खांब तासायला हरकत नाही, असं पत्र याच गृहस्थांनी दिलंय. का, तर चेअरमनची मोठी गाडी वळत नव्हती. मी स्वतः पाहून आले. खांबाची सळई उघडी पडलीये आणि वर पाच मजले माणसं राहताहेत. टेकू लावा म्हटलं, तर चेअरमन ते पत्र दाखवतात.

प्रश्न विचारायला उठले, तर सेक्रेटरी साने म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे प्रश्न चिठ्ठीवर द्यायची पद्धत आहे." दिली. वाचलीच नाही. सान्यांना जवळ जाऊन विचारलं, तर हळूच म्हणतात, "अहो, आपल्याच माणसाला चारचौघांत काय विचारायचं?" वर, आभार मानणारे जोशी आले नाहीत, तेवढं तुम्ही उरका!

उरकलं. अध्यक्षांचे मानले, हॉलवाल्यांचे मानले, चहावाल्यांचेही मानले. मग म्हटलं, "आणि वारज्यातल्या त्या खांबाचे विशेष आभार. अध्यक्षांच्या पत्रावर एवढा तासला, तरी आजचं व्याख्यान संपेपर्यंत तो उभा राहिला."

वाटलं, आता तरी कोणी उठेल, निदान माझ्यावर ओरडेल. पण आभारानंतर टाळ्या वाजवायची आमच्याकडे पद्धत आहे. वाजल्या.

अध्यक्षांनीही वाजवल्या.