ढलपी कुठून उडाली?

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं हे आईने फोनवर सांगितलंच आहे. फोनवर मी रडते आणि तुम्ही खोकत राहता, त्यातून कुणालाच काही कळत नाही. म्हणून पत्र. शिवाय एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आधी रंध्याची खबर. डावा डोळा काढला. गाठीने तो पुरता भरला होता, ठेवला असता तर गाठ पुढे डोक्यात शिरली असती. पण दहा महिन्यांच्या पोराला त्याचं काय! तिसऱ्या दिवशी पट्टीसकट पोटावर सरपटत कॉटखाली गेलं आणि नर्सबाईंची चप्पल घेऊन बाहेर आलं. तुम्ही नाव बरोबर ठेवलंत, दवाखान्याची फरशीसुद्धा घासून गुळगुळीत करील. आई त्याला सांभाळते आणि मधूनच मलाही.

इथल्या डॉक्टरीणबाई कपाळावर दिवा लावतात, हातात भिंग धरतात आणि बेशुद्ध केलेल्या बाळाच्या डोळ्यात बघत बघत रंगीत पेन्सिलींनी कागदावर एक गोल भरतात. घड्याळाच्या तबकडीसारखा. जे दिसलं ते त्या त्या आकड्याच्या जागी काढायचं. उजव्या डोळ्याचा गोल सगळा नारिंगी होता, म्हणजे स्वच्छ. तो कागद मला घरी न्यावासा वाटत होता.

आता प्रश्न. हा आजार कधी आपला आपण होतो, कधी घराण्यातून येतो. आपला आपण झाला असेल तर उजवा डोळा बहुतेक सुखरूप. घराण्यातून आला असेल तर उजव्यातही केव्हाही गाठ धरू शकते, आणि मग दर तीन आठवड्यांनी बेशुद्ध करून बघावं लागेल. रक्ताच्या तपासणीला अडीच महिने लागणार. आम्हा दोघांचे डोळे तपासले, ते स्वच्छ निघाले. मग बाईंनी विचारलं, घरात लहानपणी कुणाचा डोळा गेला होता का. ह्यांनी लगेच तुमचं नाव घेतलं. मी म्हटलं, ते वेगळं, आजोबा वाकसाने लाकूड तासत होते, त्याची ढलपी उडून लागली होती. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, कुणी पाहिली होती?

बाबा, मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कुणी, कुठून, किती वाजता भरली हे न लिहिलेली बाटली मी तपासायलाही घेत नाही. आणि तुमच्या डोळ्याबद्दल मला काय ठाऊक आहे? कावळ्याने उसना नेला, पैजेत हरलात, रंग आवडला नाही म्हणून दुकानदाराला परत केलात. आई म्हणते तिने निदान सात हकिगती ऐकल्यात. मला खरी हवी. वय किती, जागा कोणती, कोण हजर होतं.

उत्तराची वाट पाहते आहे, आणि रंध्याचा गाल तुमच्या बोटांची.
तुमची ठकी


दि. १० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

सात नव्हे, नऊ. दोन मी तुझ्या आईपासून राखून ठेवल्या आहेत.

खरी एकच. मी दीड वर्षाचा होतो, अण्णांच्या कामाच्या जागी बसलो होतो. ते वाकसाने ओंडका तासत होते, ढलपी उडाली आणि डोळा गेला. हे मला माझ्या आईने सांगितलं आणि सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तुझ्या आईच्या घरच्यांनाही लग्नाआधी हेच सांगितलं होतं. बाकीच्या सुतारांना फळीची धार बघताना एक डोळा मिटावा लागतो, माझे तेवढे कष्ट वाचले. इथपर्यंत पाठ आहे.

पण तुझ्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न कुसळासारखा रुतून बसला. कुणी पाहिली होती? मी वाकस कधी वापरत नाही, म्हणून शेजारच्याकडून आणला. जमिनीवर चादर अंथरली, दीड वर्षाचं पोर बसेल एवढ्या उंचीवर खोका ठेवला, त्याला कागद चिकटवला आणि दुपारभर ओंडका तासत बसलो. शेजारी दोनदा डोकावून गेला, काय बनवतोय म्हणून. मी म्हटलं, काही नाही. ढलप्या खोक्यापर्यंत आल्या, नाही असं नाही. पण जिथे जोरात लागली तिथे कागद टराटरा फाटला. मग मी आरशात चांगली पाच मिनिटं माझी पापणी ताणून पाहिली. ठके, साधा ओरखडासुद्धा नाही. भुवईवर नाही, गालावर नाही. आख्खा डोळा घेऊन जाणारी ढलपी पापणीला न शिवता आत कशी गेली? चौसष्ट वर्षं हे तोंड रोज धुतो आहे आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पोराला सध्या डोळ्याच्या खोबणीत पारदर्शक कवची बसवली असेल. ती निसटली तर घाबरू नकोस, माझी अनेकदा डाळीच्या वाटीत पडलेली आहे. हात धुऊन, कवची धुऊन, वरची पापणी उचलून आधी वरून सरकवायची. मोठा डोळा मिळेल तेव्हा आणखी सांगीन. या विषयात तरी तुझा बाप हुशार आहे.

कुसळ निघेपर्यंत बेचैन असलेला,
तुझा बाबा


दि. १४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. खोक्यापाशी त्या मोठ्यांदा हसल्या, पापणीचं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी खूप चांगली तपासणी केली, पण ही शंका झाली, माहिती नव्हे. एवढ्याशा पोराला पुन्हा पुन्हा भूल देणं त्यांना बरं वाटत नाही. ढलपी असेल तर त्या दोन महिन्यांनी बघतील, आजार असेल तर याच पंचवीस तारखेला. वीसपर्यंत कळवा म्हणाल्या.

त्या काळचं माणूस आता एकच उरलं आहे, अक्काआत्या. तुम्ही त्यांना कधी विचारलंच नाहीत का? मी ह्यांना हेच विचारलं तर हे म्हणाले, तुझ्या बाबांनी नऊ हकिगती सांगितल्यावर दहावी विचारायची कुणाची हिंमत होणार.

खरं सांगू? उत्तर 'आजार' असं येईल याची मला भीती वाटते. 'ढलपी' असं येईल याची त्याहून जास्त वाटते, कारण मग मी निर्धास्त होईन. कवची एकदा निसटली होती. तुम्ही सांगितलं तशी बसवली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली.

उलट टपाली चार ओळी तरी याव्यात.
ठकी


दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

अक्काकडे जाऊन आलो. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. आधी म्हणाली, तिला काही आठवत नाही. ज्या बाईला शेजारणीने पंचवीस वर्षांपूर्वी नेलेली गाळणी आठवते, ती हे म्हणाली! मग म्हणाली, गेलेल्या माणसांच्या गोष्टी कशाला उकरतोस. मी पापणी दाखवली, ढलप्या कुठे पडल्या ते दाखवलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. एकाच टॉवेलची तिने चार वेळा घडी घातली आणि चार वेळा मोडली.

शेवटी मी रंध्याचं सांगितलं. तिला ऑपरेशन माहीत होतं, पण दुसऱ्या डोळ्याचा प्रश्न आहे हे माहीत नव्हतं. मी चपला घालत असताना तिने विचारलं, पोर केवढं आहे. दहा महिने, म्हटलं. मग तिने तुझा पत्ता मागितला. मला म्हणाली, तुला सांगणार नाही, तिला लिहीन.

माझा डोळा आणि मलाच बंदी! तिचं आलं की मला कळव. मला आता तहानभूक सुचत नाही, आणि तुझी आई तिकडे असल्यामुळे भूक लागून उपयोगही नाही.

वाट पाहणारा,
बाबा


दि. १७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
आत्याचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, अक्षर लावून वाच.

ढलपी उडाली नव्हती. मी तेव्हा नऊ वर्षांची. तुझ्या बाबाला कडेवर घेऊन मीच हिंडायची. दिवा लावला की त्याच्या एका डोळ्यात मांजरासारखं पांढरं चकाकायचं. मला मजा वाटायची, मैत्रिणींना बोलावून दाखवायची. पुढे तो डोळा तिरळा झाला, लाल झाला. अण्णा आणि आई त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, ते सोळा दिवसांनी आले. डोळ्यात गाठ होती. डोळा काढला नसता तर पोर गेलं असतं.

आल्या दिवशी अण्णांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, आजपासून असं म्हणायचं की माझ्या वाकसाची ढलपी उडाली. आई नको म्हणत होती. अण्णा म्हणाले, गाठीचा आजार म्हटलं की लोक पोराला नावं ठेवतील. आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देणार नाहीत, उद्या त्याला मुलगी देणार नाहीत. हत्यार लागलं म्हटलं तर मला नावं ठेवतील. मला ठेवू देत.

आणि ठेवली. पुढे दोन वर्षं त्यांच्याकडून कुणी पाळणा करून घेतला नाही. लहान मुलं असलेल्या घरात कुणी त्यांना कामाला बोलावेना. ते मान खाली घालून जायचे यायचे. मला शपथ घातली होती की त्याला स्वतःला तर कधीच सांगायचं नाही.

ती आज मोडली. रागावायचं तर अण्णा माझ्यावर रागावतील. तुझ्या पोराचा डोळा त्यात जायला नको. हे पत्र डॉक्टरला दाखव. मग बाबाला पाठव, मला त्याच्यासमोर हे बोलता आलं नसतं.

पोराला माझा मुका दे.
अक्काआत्या


दि. २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्यांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. मी ते वाचलं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि पंचवीस तारीख लिहिली.

काल सकाळी रंध्याला उपाशी नेलं. त्याने सगळा मजला ओरडून डोक्यावर घेतला. आत नेल्यावर आई, हे आणि मी बाकावर बसलो. बाई बाहेर आल्या त्या कागद घेऊनच. उजव्या डोळ्याचा गोल, सगळा नारिंगी, आणि चारच्या जागी मोहरीएवढा पांढरा ठिपका.

बाबा, तो त्यांनी तिथल्या तिथे लेझरने जाळला. दोन महिने थांबलो असतो तर तो नजरेच्या मध्यापर्यंत पोचला असता म्हणाल्या. आणखी एकदोनदा जाळावा लागेल, नवे येतात का ते काही वर्षं डोळ्यात तेल घालून बघावं लागेल. पण डोळा राहील आणि नजरही राहील, हे त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. कपाळावरचा दिवा माझ्या नाकाला लागला.

हे माझ्या अंगातून मला न शिवता पुढे गेलं, असंही होतं म्हणे. मी रात्री आरशात स्वतःचे डोळे बघत बसले होते. आईने येऊन दिवा घालवला.

एक विचारू? आजोबांबद्दल तुम्ही कधी फारसं बोलला नाहीत. ते कसे होते? रंध्या आज आईच्या हातातला चमचा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाहून बघून थेट तिकडे गेला, आणि मला एकदम त्यांचीच आठवण आली, ज्यांना मी नीट पाहिलंसुद्धा नाही.

सगळे खुशाल, हे आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे.
ठकी


दि. ३ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारच्या सुताराला वाचून दाखवलं. त्याने त्याचा वाकस परत मागितला होता, तो विसरून गेला. मोहरीएवढा! आणि तो त्या बाईंना सापडला. त्यांना म्हणावं, तुमच्यासारखी नजर असती तर मी सुतारकी सोडून जवाहिऱ्याचं दुकान घातलं असतं.

रंध्या मोठा होऊन विचारील तेव्हा त्याला गाठ होती असंच सांग, आणि पुढे त्याला पोरं होतील तेव्हा पहिल्या आठवड्यात तपासा असंही सांग. नऊ हकिगती मी त्याला शिकवीन, पण खरं ठाऊक असलेल्या माणसानेच त्या सांगाव्यात.

अण्णा कसे होते, विचारलंस. मला फार कमी माहीत आहे. मी काम त्यांच्या हाताखाली शिकलो नाही, हट्टाने दुसऱ्याकडे शिकलो. लोक म्हणायचे, बरोबरच आहे पोराचं. तेही म्हणायचे, बरोबर आहे. मी त्यांच्याशी भांडलो नाही कधी. भांडायला जवळ जावं लागतं.

ते शेवटच्या आजारात होते तेव्हाची गोष्ट. दुपार होती, मी उशाशी बसलो होतो, अक्का पायाशी होती. मी मोठ्या मनाचा माणूस. मला वाटलं, जाणाऱ्याच्या मनावर ओझं नको. मी म्हटलं, अण्णा, माझ्या डोळ्याचं मनाला लावून घेऊ नका, मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. अक्का तटकन उठून बाहेर गेली. मला वाटलं, तिला भरून आलं. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, तुझे उपकार झाले, पोरा.

आज एवढंच लिहवतं आहे.
तुझा बाबा