हान राजवटीपासूनची थकबाकी

लुकांग, तैवान, ऐन सातवा महिना

आदरणीय थोरल्या मामांना,

भाची पाओ-चूचा वाकून नमस्कार. जेवलात ना? (पत्र पोचायला चार दिवस लागतील, पण तुम्हाला कधीही विचारलं तरी तुम्ही नुकतेच जेवून उठलेले असता.) गुडघे काय म्हणतात? मामी शेजारणीशी बोलायला लागल्या का? इकडचं कुशल विचारू नका. फोन का केला नाही म्हणाल, तर तो मी परवापासून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. तो वाजायचा थांबतच नाही.

मामा, घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या. एकोणीस वर्षं मी शाळेच्या फीच्या खिडकीत बसते, पण असलं आक्रीत कधी पाहिलं नव्हतं. यंदा आमच्या मुख्याध्यापकांनी, म्हणजे तुमच्या याओने, फी गोळा करायला परदेशी सॉफ्टवेअर घेतलं. माझी वही कपाटात गेली. शिकवायला आलेली बाई म्हणाली, हे उशीर कधी विसरत नाही. रोजचा दंड पन्नास युआन, आणि तीस दिवस चुकले की पोराचं नाव आपोआप पटावरून खाली. मी म्हटलं, बाई गं, एवढं कडक तर आमच्या शाळेच्या जेवणातलं मंगळवारचं टोफूसुद्धा नसतं. ती हसली नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

गुरुवारी मला फी भरायची शेवटची तारीख टाकायची होती. वर्षाच्या चौकोनात मी ११४ लिहिलं. आता तुम्हीच सांगा, दुसरं काय लिहिणार? जगाचं २०२५, म्हणजे आपल्या प्रजासत्ताकाचं हे एकशे चौदावं वर्ष. पगाराच्या कागदावर ११४, वीजबिलावर ११४, आईच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर ११४. आपल्याकडचं कुत्रं जरी सही करायला शिकलं तरी खाली ११४ टाकेल. पण त्या परदेशी मेल्याला आपलं प्रजासत्ताक ठाऊकच नाही. त्याने इसवी सन एकशे चौदा धरलं. हान बादशहाचं राज्य! एक शब्द विचारला नाही, हूं की चूं केलं नाही, आणि मी चहाचा कप उचलेपर्यंत चारशे बारा घरांत निरोप गेला: 'प्रिय पालक, आपणांस सहा लाख अठ्ठ्याण्णव हजार दिवस उशीर झाला आहे. दंड तीन कोटी एकोणपन्नास लाख युआन. पाल्याचे नाव पटावरून कमी करण्यात येत आहे.'

मी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग खाली बसले. (खुर्ची होती तिथे नाही.) त्यानंतर जे फोन सुरू झाले म्हणता! एका वकील बापाने विचारलं, दंड शाळेत भरू की हान दरबारात. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कसलीच शंका न काढता हप्ते बांधून मागितले, त्यावरून त्यांच्या दवाखान्याच्या बिलांचा मला अंदाज आला. आणि दुपारी को आजी आली. ती देवळामागे बैलाच्या जिभेसारखी लांबट बिस्किटं विकते, नात शिन-रू आमच्याकडे नववीत. आजीने खिडकीवर सोनेरी कागदाची सात बंडलं धपाधप ठेवली. सातव्या महिन्यात 'त्या' मंडळींसाठी, वर गेलेल्यांसाठी जाळायच्या नोटा, मामा!

"हे काय आजी?"

"दंड," ती म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वी मी होते का गं? नव्हते. म्हणजे हे देणं वाडवडलांचं. त्यांचं त्यांच्या नोटांत घे, आणि पावती दे. नाहीतर इथंच जाळते."

मी हसावं की रडावं! ती मात्र रडत होती. शिन-रूचं नाव कमी झालंय हे तिला कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

संध्याकाळपर्यंत याओसाहेबांचा चेहरा भाताच्या पेजेसारखा झाला होता. पेपरवाले येतील या भीतीने त्यांनी नोव्हेंबर संपेपर्यंत सगळ्यांचा सगळा दंड माफ केला, नावं परत चढवली. पण आता येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी मला संचालकांपुढे उभं राहायचंय. नोकरी राहील की जाईल ते तिथेच कळेल. आईचं औषधपाणी माझ्या पगारावर आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. फार घाबरलेय, मामा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
पाओ-चू

ता. क. याओसाहेबांना तुम्ही चौथीत शिकवलंत. अजून तुमचा फोन आला की ते खुर्चीतून उठून बोलतात. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांना एक फोन कराल का?

ता. क. २. माझी चूक नाही असं मात्र कृपा करून सांगू नका. मग ते खोलात शिरतील. शेवटची तारीख दहा सप्टेंबर ही आधीच ठरलेली होती, तिला मी हात लावलाच का, असं कंपनीवाले विचारताहेत. को आजी 'नवव्या महिन्याची दहा' आपल्या जुन्या पंचांगाने मोजते, म्हणजे ऑक्टोबर संपत येतो. पौर्णिमेच्या सणाची बिस्किटं विकल्याशिवाय तिच्याकडे पैसे नसतातच. वहीत मी तिला दर वर्षी 'वेळेवर' लिहीत आले. या यंत्रात ते लिहिता येईना, म्हणून सगळ्या शाळेचीच तारीख तीस ऑक्टोबर करायला गेले. (११४ मात्र खरोखरच सवयीने.)

ता. क. ३. एका म्हातारीसाठी शाळेची तारीख हलवली म्हटलं तर मला काढतील. वेंधळेपणासाठी नुसते ओरडतील. तेव्हा पाओ-चू जन्माची वेंधळी आहे, तिला तारीख-वार कळत नाही, एवढंच सांगा. माझ्या लग्नात सासरच्यांना सांगितलंत तितक्याच खात्रीने.