मजाप्रमुखाचे पंधरा दिवस

२ मे, सकाळी ६.१०
आजपासून मी मजाप्रमुख. मेहुणीच्या उन्हाळी शिबिरात. पद मीच सुचवलं. वीस वर्षं दुकानांतली वजनमापं तपासलीत. न मोजता दिलेली गोष्ट कमीच भरते, हे मला कळतं. मजासुद्धा. मेहुणी म्हणाली, भाऊजी, मुलं आपापली मजा करतात हो. हेच तर चुकतंय!
तक्ता तयार. गाणी ९ ते ९.२०. हसणं ९.२० ते ९.३५ (विनोद पाच, क्रमवार). मग पाणी.
लेकही तिथेच आहे, वय नऊ. म्हणाली, बाबा, तिथे मला हाक मारू नकोस. पक्षपात नको म्हणून असणार. गुणी पोर.

३ मे
विनोद क्र. १ : शांतता. क्र. २ ला एक मुलगी हसली. चौकशी केली, तर शेजारणीने गुदगुल्या केल्या होत्या. तरी नोंद धरली. ९.३५ ला शिट्टी वाजवून हसणं बंद केल्याचं जाहीर केलं, तर सगळी खो खो हसत सुटली. निष्कर्ष : माझे विनोद पोचायला वेळ लागतो. उद्यापासून दहा मिनिटं आधी सुरुवात.

५ मे
चित्रकलेच्या बाईंची तक्रार : माझ्या शिट्टीने मुलं दचकतात, रंग सांडतात. सांडलेल्या रंगात हात बुडवून पोरांनी भिंतीवर ठसे मारायला घेतले. तक्त्यात नव्हतं. थांबवायला धावलो. घसरलो. पालथाच पडलो. पाठीवर अकरा ठसे. मुलांना आनंदाचं भरतं आलं होतं. श्रेय : मजाप्रमुख.
बायकोने विचारलं, शर्ट धुवायचा की फ्रेम करायचा? ठसे पुन्हा मोजले. अकराच.

८ मे, सकाळी
आज लपाछपी. मी एकटा लपणार, बत्तीस मुलं शोधणार. नियम एकोणीस. स्वतः वाचून दाखवणार. जागा हेरून ठेवलीय : सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या गाद्यांमागे.

८ मे, दुपारी १२.४५ (गाद्यांमागून)
सव्वा तास झाला. सापडलो नाही. बाहेर किंकाळ्या, पाण्याचे फवारे. शोधमोहीम जोरात दिसते.

१.२०
बाहेर ‘कलिंगड! कलिंगड!’ असा घोष चाललाय. मला बाहेर काढायची युक्ती. पोटात कावळे ओरडताहेत, पण आपण कच्च्या गुरूचे चेले नाही.

१.५०
सापडलो. लेकीने शोधलं. एकटीच होती, ओलीचिंब. म्हणाली, बाबा, खेळ झालाच नाही. तू लपायला गेलास आणि सगळे पाण्याच्या पाइपाकडे पळाले. मग तू का शोधत होतीस, विचारलं. म्हणाली, कुणीतरी शोधायला नको का?
तिच्या हातात माझ्यासाठी कलिंगडाची फोड होती. एका बाजूने थोडी कुरतडलेली.
मी सांगितलं, गाद्या मोजत होतो. किती आहेत, तिने विचारलं. पुन्हा मोजाव्या लागतील म्हणालो.

९ मे
तक्ता घरी राहिला. विसरलो. मुद्दाम नव्हे. पाण्याच्या पाइपाची फक्त पाहणी करायला गेलो होतो. पाहणी अडीच तास चालली. चष्मा चिखलात सापडला. एका मुलीने मला काका न म्हणता ‘ए, पास दे!’ म्हटलं. शिस्तभंगच, पण हातातला चेंडू पास केला.

१३ मे
गुडघा सुजलाय. त्याचं निमित्त करून शिबिर बुडवावं, असं एकदाही वाटलं नाही. वैद्यकीयदृष्ट्या नोंद घेण्यासारखं आहे.

१६ मे
समारोप. मेहुणीने बाजूला बोलावलं. पुढच्या वर्षीचं संचालकपद असणार, हे ताडून मी भाषणाचे चार मुद्दे काढून ठेवले होते. ती म्हणाली, भाऊजी, पोरं एकमताने म्हणतात, तुम्ही याच. पण मजाप्रमुख म्हणून नको. त्यांच्यात. आणि नियम सगळ्यांना सारखाच, अर्ज भरावा लागेल.
भरला. वय : सत्तेचाळीस. आवड : पाणी. खाली पालकाची सही हवी होती.
लेकीने केली. आधी अर्ज नीट वाचून घेतला.