नाळेचं कणीस

तोतोनिकापान

लूदादा,

माझ्या मुलीची नाळ रीतीप्रमाणे कणसावर ठेवून कापायला आई आपल्या काळ्या मक्याचं कणीस शोधत होती. निखळ काळं एकही निघेना. तुझ्या शेतातल्या कंपनीच्या मक्याचे पराग वाऱ्याने इकडे आले आणि सगळी कणसं पिवळ्या दाण्यांनी बाटली.

"याच्यावर कापू?" आईने असलंच एक कणीस उचलून विचारलं.

"काप गं, पोर रडतेय," मी म्हटलं.

नाळेच्या रक्ताने माखलेले दाणे मुलीच्या नावाने पेरले. ताटं वाढली, कणसं पोचट निघाली. त्याच पिकाची व्हायची तिची पहिली भाकरी दुकानातल्या पिठाची झाली.

आई म्हणते, "लूला कळवू नकोस. त्यालाही लेकरं पोसायची आहेत." म्हणून हे पत्र धाडणार नाही.

पण घास भरवताना ती नातीला विचारते, "देवांनी आपल्याला मक्यापासून घडवलं. तू गं कुणाच्या मक्याची?"

पोर हसते. आई हसत नाही.

तुझी,
तलीन