शालनचं कोपर

मंगळवार, १२ ऑगस्ट

डोकं अजून तापलेलंच आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या, शालनच्या, मोटारवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीची जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची वळवायची दांडी, उजव्या हाताशी. तिची बोटं थरथरतात, खुर्ची भिंतीवर आदळते. डावं कोपर मात्र स्थिर. हॉर्न ती त्यानेच वाजवते. जॉयस्टिक तिकडे बसवा म्हटलं, तर खुर्चीचा दुकानदार शालनसमोर मलाच विचारतो, "ह्यास्नी कळतंय न्हवं? मग मागनं तुम्हीच ढकला की, मावशी!"

जन्मभर ढकललीच ना? मग मोटार कशाला घेतली, गाढवा? आणि तिलाच विचारायला काय झालं होतं?

शालननं कोपरानं हॉर्न दाबला, दुकानदार गप्प होईपर्यंत सोडला नाही.

उद्या पुन्हा जाणार. जॉयस्टिक कोपराशी येईपर्यंत दुकानाच्या दारात हॉर्न वाजेल. बोलेल शालन. मी गप्प बसेन.

जमेल मला?