संक्रांत झाली की सांगू

३० नोव्हेंबर १९९८, सोमवार
आजपासून खोटं ऑफिस बंद. मुक्ता गुरुवारी लग्न होऊन दिल्लीतच, द्वारकेला गेली, आता घरात फसवायला कुणी उरलं नाही. ऑगस्टपासून रोज पावणेनऊला डबा घेऊन निघायचो. बागेत नाहीतर वाचनालयात बसून सहाला परत. पोरीला वाटायचं, बाबा ड्रॉइंग बोर्डवर आहेत. बोर्ड कबाडीवाल्याने केव्हाच नेले. आम्ही आठ ड्राफ्ट्समन होतो, त्या जागी आता तीन कॉम्प्युटर.

शैला म्हणाली होती, लग्न होऊ दे, मग मुलीला सांगू. काल आठवण करून दिली तर म्हणते, "पहिली संक्रांत होऊ दे. नव्या घरात तिची मान खाली जायला नको." बरं. तोवर एक नियम: दिवसा फोन उचलायचा नाही. बाबा दिवसा घरी नसतात.

२ डिसेंबर
शै. ऑफिसला गेली की घर माझं. जुना स्वेटर उसवला, लोकर धुऊन दांडीवर टाकली. भाकरी पहिल्यांदा फुगली. दाखवायला कुणी नव्हतं म्हणून एकट्यानेच खाल्ली.

दुपारी फोन दोनदा वाजला. मुकाट बसलो. स्वतःच्या घरात चोर.

संध्याकाळी सातला दोन रिंगा, कट. मुक्ताची कॉलेजपासूनची खूण: पोचले, काळजी नको. मु. आणि जावई जयपूरहून परतलेले दिसतात. एवढी एक गोष्ट मला न उचलता ऐकता येते.

१० डिसेंबर
काल बुध बाजार. दुकानं उठायच्या वेळी गेलो, मटार निम्म्या भावात. आणि मेथीच्या आठ जुड्या. आज मेथी गच्चीवर वाळत घातली. तळमजल्याच्या भल्ला आंटी लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला आल्या.
"भाईसाहब, आज भी छुट्टी?"
"जी, आजकल नाइट शिफ्ट है."
रात्रपाळीत कुणाचे नकाशे काढतात, ते त्यांनी विचारलं नाही. भल्या बाई.

मटार सोलताना दोन तास गेले. एकदाही छातीत धडधडलं नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण बरं वाटलं. कोंड्याचा मांडा करण्यात मन रमतं आपलं.

१६ डिसेंबर
हलवा करून पाहिला. आई करायची, मी शेगडीला वारा घालत बसायचो. इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. भल्ला आंटींची जुनी अंगीठी आणली. परातीत तीळ, चमच्याने थेंब थेंब पाक, आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. घाई केली की गोळा होतो. बोटं भाजली. पण चार तासांनी काही दाण्यांना काटा दिसायला लागला. खरंच, बारीक काटा. एकटाच हसलो.

२१ डिसेंबर
शै.ने डबीभर हलवा ऑफिसात नेला. तिथल्या बायका म्हणाल्या, कुणी केला? ही म्हणाली, मी.
मला सांगताना नजर चुकवत होती. दुसरं काय सांगणार म्हणा. राग आला नाही. नाही, आला थोडा.

२४ डिसेंबर
हात दाखवून अवलक्षण! हलव्याची बातमी शै.च्या ऑफिसातून द्वारकेला पोचली. मु.च्या सासूबाईंचा संध्याकाळी फोन, शै.ला: "अहो, तुम्ही घरी हलवा करता? मग मुक्ताचे दागिने तुमच्याच हातचे होऊ देत. मी पुण्याहून मागवणार होते."
पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं, मान सासरचा. आणि घडवणार कोण, तर ज्याचं नावही घ्यायचं नाही तो बाप. फोन ठेवून शै. मटकन खुर्चीत बसली. "होईल का हो तुमच्याच्याने?"
होईल म्हणालो. खरं सांगतो, ऑगस्टनंतर पहिल्यांदा कुणी मला काम दिलं.

४ जानेवारी १९९९
चार दिवस धुकं. समोरची सोसायटी दिसत नाही. हवेत ओल, हलव्याला काटा येत नाही, आलेला बसतो. दोन परातींचा चिकट लगदा. सतरा तारखेला द्वारकेत हळदीकुंकू. काही माझ्या हातात नाही, ना हवा, ना साखर, ना नोकरी. दुपारी परातीपुढे बसून रडलो. मेथी निवडताना कधी असं झालं नव्हतं.

८ जाने.
उन्हाची तिरीप. खिडक्या लावल्या, अंगीठी दाराशी, परात जुन्या ब्लँकेटवर. सकाळी नऊ ते चार. काटा आला. पांढराशुभ्र, टोचेल असा.

१२ जाने.
ट्रेसिंग पेपर उरला होता, त्यावर नमुने काढले. हार, बाजूबंद, बांगड्या, नथ, कंबरपट्टा. कंपास, सेट स्क्वेअर सगळं बाहेर. एकेक दाणा दोऱ्यात बांधायचा. शेवटी नकाशांच्या गुंडाळ्यांना मारायचो तीच गाठ मारली, दोन वेढे आणि टोक आत. दुसरी येत नाही मला. लहानपणी मु.च्या डब्याच्या पिशवीलाही हीच. तिला सुटायची नाही, सुटेपर्यंत जागची उठायचीही नाही.

शै. ऑफिसातून येऊन बराच वेळ हाराकडे बघत राहिली. "मी केलं म्हणून सांगणं मलाही जड जातंय हो." मग सांगूया ना खरं. "आता नको. संक्रांत तर होऊ दे."

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ. शै. म्हणते, सतरा तारीख पार पडू दे.

१७ जाने., रविवार
द्वारका. दोन बस बदलून मांडीवर डबा सांभाळत गेलो. एक दाणा पडला नाही.

बायका आतल्या खोलीत, आम्ही बाहेर. व्याही म्हणाले, "कंपनीत काय म्हणताहेत? परदेशी पार्टनर आलाय ना तुमच्याकडे?" हो म्हटलं, बरेच बदल चाललेत. "छान, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांना आता डिमांड येणार बघा." चहात बघत हसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग दारातून बघायला बोलावलं. काळ्या साडीत मु. पाटावर. सासूबाई हाराची गाठ सोडायला बघत होत्या, सुटेना. "काय गाठ मारलीय विहीणबाईंनी, कमाल आहे!" कुणीतरी कात्री आणायला उठलं. मु.ने हात पुढे केला, "द्या इकडे, मला येते," आणि टोक शोधून एका झटक्यात सोडली. हातात दोरा तसाच धरून तिने आधी आईकडे पाहिलं. मग दाराकडे, माझ्या बोटांकडे. मी हात मागे घेतले.

सासूबाई शै.ला म्हणत होत्या, "हातात कला आहे हो तुमच्या." शै. डबा आवरायला लागली.

निघताना मु. वाकून नमस्काराला आली. "बाबा, बोटं कशाने भाजली?" ऑफिसात चहा सांडला म्हटलं. "अच्छा," म्हणाली. एवढंच. किती सुंदर दिसत होती, ते सांगायचं राहिलं.

परतताना बसमध्ये शै. म्हणाली, तिला काही कळलेलं नाही. आणि आता दिवाळसण होऊ दे. मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो.

१८ जाने., सोमवार
शै. ऑफिसला. अंगीठी घासून भल्ला आंटींना देऊन आलो. वर आलो, अकरा दहाला फोन. दोन रिंगा, कट.

दिवसा आपल्या घरी कुणी नसतं, हे मु.ला पक्कं ठाऊक आहे. आणि आज ती कुठे जायची नव्हती, पोचायची नव्हती.

मिनिटभराने पुन्हा. या वेळी कट नाही, वाजत राहिला. रिसीव्हरवर हात ठेवून उभा होतो. शै.ला दिवाळसणापर्यंतचा शब्द दिलाय. थांबला.

मग मीच नंबर फिरवायला घेतला. चार आकडे फिरवून ठेवून दिला. तिकडे सासूबाईंनी उचलला तर या वेळी कुठून बोलतोय सांगू?

पावणेबारा. वही घेऊन फोनशेजारी बसलोय. आत्ता परत दोन रिंगा, कट. सोडणार नाही ती, लहानपणापासून तशीच आहे. आता पुन्हा वाजला तर